टाकी आधी पाणी पिते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



धुळ्याहून मुंबईकडे निघालं, की आग्रा रोडवर समोरून येणारे तेलाचे टँकर दिसू लागतात. बहुतेक मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातल्या डेपोंमधून भरून निघालेले असतात. मुंबईच्या बाजूनं जमिनीखालच्या नळानं आलेलं पेट्रोल आणि डिझेल तिथल्या प्रचंड टाक्यांत साठवायचं, टँकरमध्ये भरायचं आणि खानदेशात, मराठवाड्यात पाठवायचं, असा हा रोजचा व्यवहार. आपल्या गाडीत पडणारा थेंब कोणत्या ना कोणत्या उघड्यावरच्या गोल टाकीत मुक्काम करून आलेला असतो. त्या टाकीकडे आपण कधी नीट पाहत नाही. पाहण्यासारखं तिथं असतं तरी काय? पांढरा रंग, बाजूनं वर चढणारा जिना आणि भोवती एक बुटकी भिंत. माझं सारं आयुष्य अशा टाक्या उभ्या करण्यात आणि तपासण्यात गेलं. आज त्यांचीच थोडी कुळकथा सांगतो.

खानदेशात तेल आलं ते डब्यातून. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे पोहोचली, १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, आणि या रुळांवरून घासलेटचे चौकोनी पत्र्याचे डबे गावोगाव गेले. 'गॅसलाइट'चं आपण घासलेट केलं, 'रॉक ऑइल'चं रॉकेल केलं. रिकाम्या डब्याचं काय काय केलं, त्याची तर गणती नाही. बादली झाली, धान्याचं माप झालं, झोपडीचं दार झालं. माझ्या लहानपणी धुळ्यातल्या आमच्या घरी आजीची पेटी म्हणजे असाच कापून सांधलेला डबा होता आणि साठ वर्षांनंतरही तिला रॉकेलचा बारीक वास येत असे. रॉकेलच्या धंद्यातूनच या भागातली काही मोठी घराणी उभी राहिली. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर सुरुवात केली ती रॉकेलविक्रीनं. ठिबक सिंचन आणि नळांचे कारखाने पुढचे.

डब्याची एक सोय होती. एक डबा फुटला, तर अठरा-वीस लिटर तेल जायचं. टाकी फुटली, तर गाव जातं. म्हणून साठवणीचा आकार जसा वाढला, तसा कायदा तिच्यामागून धावत आला. हा कायदा इंग्रजांनी केला आणि त्याचं मूळ एका साध्या प्रयोगात आहे. भांड्यात तेल घ्यायचं, ते हळूहळू तापवायचं आणि वर बारीक ज्योत धरायची. ज्या तापमानाला वाफेचा क्षणभर भपका होतो, तो त्या तेलाचा 'फ्लॅश पॉइंट'. विलायतेत फ्रेडरिक एबल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं यासाठी बंद भांड्याचं उपकरण तयार केलं. १८७९ च्या तिथल्या कायद्यात ७३ अंश फॅरनहाइट ही रेघ ओढली गेली. आपल्याकडे १८९९ चा पेट्रोलियम कायदा होता. त्याची जागा १९३४ च्या कायद्यानं घेतली, आणि या नव्या कायद्यात ७६ अंश फॅरनहाइटच्या आत भपका घेणारं तेल 'धोकादायक' ठरलं. पुढे १९७० च्या दुरुस्तीनं अ, ब, क असे तीन वर्ग आले. २३ अंश सेल्सिअसच्या खाली 'अ', म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ 'ब', म्हणजे रॉकेल आणि डिझेल. ६५ ते ९३ 'क', म्हणजे भट्टीचं जड तेल.

आता हे आकडे जळगावच्या मे महिन्याशेजारी ठेवून बघा. रॉकेल आणि डिझेल यांचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा, असं भारतीय मानक सांगतं. आणि जळगाव-भुसावळला सावलीतला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. म्हणजे लंडनच्या थंडीत जे तेल निवांत पडून राहील, ते आपल्याकडे दुपारी दोन वाजता एका ठिणगीची वाट बघत असतं. टाक्यांना पांढरा किंवा रुपेरी रंग देतात तो शोभेसाठी नव्हे. उन्हाला परत पाठवण्यासाठी देतात. काळी टाकी आमच्याकडे कुणी ठेवलीच, तर तिच्या पत्र्यावर हात टेकवून बघा म्हणावं.

या सगळ्यावर देखरेख करणारं सरकारी खातं १८९८ साली सुरू झालं, स्फोटकांचं खातं म्हणून. आज त्याला 'पेसो' म्हणतात आणि त्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. ब वर्गाचं तेल अडीच हजार लिटरपर्यंत, तेही हजार लिटरहून मोठ्या भांड्यात नसेल, तर परवान्यावाचून ठेवता येतं. क वर्गाचं पंचेचाळीस हजार लिटरपर्यंत. त्यापुढे आधी नकाशा मंजूर करून घ्यायचा, मग खोदाई करायची. आमच्या लोकांची खोड उलटी. आधी टाकी उभी करायची आणि मग नकाशा तिच्याबरहुकूम काढायचा. मी किती नकाशे असे 'मागाहून' काढलेले पाहिले, ते सांगत नाही.

नियम वाचायला रुक्ष आहेत, पण प्रत्येकाच्या मागे कुणाची तरी राख आहे. टाकीची उंची व्यासाच्या दीडपट किंवा वीस मीटर, यांत जे कमी असेल त्याहून जास्त नको. वर पाच टक्के जागा मोकळी ठेवा, कारण तेल तापलं की फुगतं. टाकीला अर्थिंग द्या आणि त्याचा रोध सात ओहमच्या आत ठेवा. नळातून वाहताना तेल स्वतःच विजेचा भार गोळा करतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भोवती बंधारा घाला आणि तो एवढा असू द्या, की सर्वांत मोठी टाकी पूर्ण फुटली तरी तेल त्याच्या आत मावेल. ही ती बुटकी भिंत. टाकीचं छपर आणि उभा पत्रा यांचा सांधा मुद्दाम नाजूक ठेवतात. ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण आत स्फोट झाला तर छपर उडावं आणि तळ शाबूत राहावा, हा त्यातला हिशेब. छपर उडालं तर आग वर जाते. तळ फाटला तर आग गावात जाते.

टाक्या जळतात कशा, हे हिंदुस्थाननं पहिल्यांदा ठळकपणे पाहिलं ते २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री. 'एमडन' या जर्मन युद्धनौकेनं मद्रासच्या किनाऱ्यावरच्या बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या. ती शत्रूची करणी होती. त्यानंतरच्या बहुतेक आगी आपल्या आपण लावलेल्या आहेत, किंवा आकाशानं. ६ ऑक्टोबर २०१७ ला मुंबईजवळच्या बुचर बेटावर डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि ती विझवायला दिवसामागून दिवस गेले. बंधारे होते, अंतरं राखलेली होती. माणूस दगावला नाही.

उलट उदाहरण जयपूरचं. २९ ऑक्टोबर २००९ ची संध्याकाळ. सीतापुरा डेपोत नळातून पेट्रोल दुसऱ्या डेपोकडे सोडायची तयारी चालली होती आणि व्हॉल्व्हपाशी पेट्रोलचं कारंजं उडालं. काम करणारा वाफेनं तिथंच गुदमरला, मदतीला धावलेलाही कोसळला. दुरून बंद करायची सोय असलेला व्हॉल्व्ह दुरून बंद होण्याच्या अवस्थेत राहिलेला नव्हता. आणि ती बुटकी भिंत? भिंत होती. पण तिचं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं झाकण उघडं होतं, आणि त्यातून पेट्रोल गटारात गेलं. सव्वा तासात सुमारे हजार टन पेट्रोल सांडलं, त्याची वाफ साऱ्या आवारावर पसरली आणि मग तिला ठिणगी मिळाली. अकरा माणसं गेली, आग अकरा दिवस जळली. एम. बी. लाल समितीचा अहवाल मी दोनदा वाचला आहे. त्यात भयंकर असं एकही वाक्य नाही, आणि तेच भयंकर आहे. छोट्या छोट्या गोष्टी, सगळ्यांना माहीत असलेल्या, एकाच संध्याकाळी एकत्र आलेल्या.

पण मला आज बोलायचंय ते टाकी चालवण्याबद्दल कमी आणि ती बांधण्याबद्दल जास्त. त्यातही एका परीक्षेबद्दल.

टाकी बांधतात ती अशी. तापीच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती आधी खणून काढावी लागते. मग मुरूम, दगड यांचे थर देऊन, दाबून पाया करायचा. त्यावर तळाच्या प्लेटा अंथरून त्या वेल्डिंगनं जोडायच्या. मग गोलाई दिलेल्या प्लेटांची एकावर एक कडी चढवायची. चेनपुलीवर लोंबकळणारी प्लेट जागेवर बसवणारे खलाशी आणि उन्हात काच लावून बसलेले वेल्डर ही कामं करतात. सांध्याला बारीक छिद्र राहिलंय का, हे बघायची एक घरगुती वाटावी अशी रीत आहे. सांध्याच्या एका बाजूला चुना फासायचा, दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं. कुठे पाझर असेल, तर पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. रॉकेल साठवायच्या टाकीची पहिली चाचणी रॉकेलच घेतं.

आणि शेवटी पाणी. टाकी काठोकाठ पाण्यानं भरायची. एकदम नाही. पाव भरली की थांबायचं, पाया कुठे खचतो का ते मोजायचं. मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण. भरल्यावर किमान एक दिवस-रात्र तशीच ठेवायची. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, त्यामुळे पाणी पेललेली टाकी तेल सहज पेलते. सगळ्या कागदपत्रांत, सगळ्या सह्याशिक्क्यांत मला खरा भरवसा या एका गोष्टीचा वाटतो.

ही परीक्षा टाळली की काय होतं? १५ जानेवारी १९१९ ला अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मळीची एक टाकी फुटली. हो, साखर कारखान्यातली असते तीच मळी. तिच्यापासून अल्कोहोल काढायचं आणि महायुद्धाच्या काळात त्याला दारूगोळ्याच्या कारखान्यांकडून मागणी होती, म्हणून १९१५ साली घाईघाईनं ही टाकी उभी केलेली. पन्नास फूट उंच, नव्वद फूट व्यास. देखरेखीला नेमलेला गृहस्थ हिशेबनीस होता, त्याला नकाशा वाचता येत नसे. पाण्याची चाचणी किती घेतली? सहा इंच. पन्नास फुटांच्या टाकीत सहा इंच पाणी! टाकी पहिल्यापासून गळत होती, आजूबाजूची पोरं डबे घेऊन मळी गोळा करायला येत. मालकांनी उपाय काय केला, तर टाकीला मळीच्याच रंगाचा रंग दिला. टाकी फुटली, तेव्हा मळीची लाट रस्त्यावरून धावली आणि एकवीस जण त्यात मेले.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगतो. मळी पाण्याच्या साधारण १.४ पट जड असते. म्हणजे काठोकाठ पाणी भरूनही तिची पुरती परीक्षा होत नाही, टाकीचा पत्रा मळीच्या वजनाचा हिशेब करूनच निवडावा लागतो. आणि मळीला भपका नाही, म्हणून पेट्रोलियमचा कायदा तिच्याकडे बघतही नाही. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला, ज्याची पुढे जगप्रसिद्ध विप्रो झाली, तशा कारखान्यांतल्या खाद्यतेलाच्या टाक्यांचंही तेच. टाकी तीच, वजन तेच. कायद्याचं पुस्तक वेगळं. आता तर मळीतून इथेनॉल आणि इथेनॉल पेट्रोलमध्ये, असा प्रवास सुरू आहे. २००१ साली त्याचे पहिले प्रयोग जिथं झाले, त्या तीन ठिकाणांपैकी दोन आपल्या राज्यातली, मिरज आणि मनमाड. फुगणारी, वाढणारी साठवण आहे ही, आणि इथेनॉलचा भपका पेट्रोलच्याच वर्गातला.

बोस्टनचं जुनं झालं म्हणाल, तर २ जानेवारी १९८८ घ्या. पिट्सबर्गजवळ फ्लोरेफ नावाच्या गावी डिझेलची टाकी पहिल्यांदाच जवळजवळ पूर्ण भरली गेली आणि उभी चिरली. ती चाळीस वर्षं जुनी टाकी दुसरीकडून खोलून आणून पुन्हा जोडलेली होती. अठ्ठेचाळीस फूट उंचीला पाण्याची चाचणी झाली होती पाच फुटांची. जुन्या प्लेटमध्ये वेल्डजवळ एक बारीकसा दोष होता, त्या दिवशी थंडीनं पोलाद ठिसूळ झालेलं होतं. अडतीस लाख गॅलन डिझेल एका झटक्यात बाहेर आलं आणि त्यातलं काही लाख गॅलन बंधाऱ्यावरून उसळून नदीत गेलं. लाखो लोकांचं पिण्याचं पाणी अडचणीत आलं.

ही बातमी मी त्याच वर्षी एका व्यावसायिक मासिकात वाचली आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचं कारण सांगतो. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८७ चा उन्हाळा. आदलं वर्ष पावसानं दगा दिलेलं. खानदेशातल्या एका कारखान्यात भट्टीच्या तेलाची टाकी आम्ही पुरी केली. व्यास बारा मीटर, उंची दहा. म्हणजे पाणी लागणार अकरा लाख लिटरांच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एकशे तेरा खेपा. आणि कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गावात दोन दिवसांआड एक टँकर येत होता. बायका पहाटे तीनपासून हंडे रांगेत लावून बसत. कारखान्याच्या विहिरीतून मोटार चालू झाली, तेव्हा गावातली माणसं फाटकाशी आली. त्यांच्यात एक म्हातारे होते, त्यांना सगळे नाना म्हणत. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, लोखंडाला पाजता, माणसाला नाही?"

मोटार बंद केली. टाकी तोवर अर्धी भरली होती. व्यवस्थापक म्हणाले, "अर्धी राहिली ना उभी? झालं तर मग. घाला पूर्ण भरल्याची सही." आणि मी घातली. नानांचं ऐकलं, हे मला पुण्याचं वाटलं होतं. पण सही नाकारून पावसाळ्यापर्यंत थांबणं, हा तिसरा मार्ग माझ्यासमोर होता. तो मी घेतला नाही, कारण बिल अडकलं असतं. अर्ध्या पाण्यानं तळाच्या कड्याला निम्माच ताण येतो आणि वरच्या निम्म्या सांध्यांना तर काहीच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. शिकलेला माणूस होतो मी.

फ्लोरेफची बातमी वाचल्यावर कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. स्वतः गेलो. १९८८ ला पाऊस चांगला झाला होता, विहिरी भरल्या होत्या. पण टाकीत तेल होतं आणि कारखाना चालू होता. "टाकी उभी आहे ना साहेब?" एवढंच मला विचारण्यात आलं. उभी होती. त्यानंतरची तीन वर्षं मी त्या रस्त्यानं एस.टी.नं गेलो, की खिडकीतून आधी तिच्याकडे बघत असे. बंधाऱ्याच्या पलीकडे शंभर-सव्वाशे पावलांवर पहिली घरं होती.

पानेवाडीचं नाव सुरुवातीला घेतलं. २५ जानेवारी २०११ ला त्याच परिसरात तेलाची भेसळ पकडायला गेलेले अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. आपल्याकडे नियम पाळायला लावणं किती महाग पडू शकतं, ते त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं. त्यांच्या शेजारी माझी गोष्ट ठेवायची मला लाज वाटते. मला कुणी धमकी दिली नव्हती. मला फक्त एका बिलाची काळजी होती.

१९९१ च्या पावसाळ्यानंतर ती टाकी गाळ काढण्यासाठी रिकामी झाली. नवे व्यवस्थापक आले होते, त्यांना जुन्या फायलीत माझं पत्र सापडलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. विहिरीला पाणी होतं, गावात नळ आला होता. पाव, अर्धी, पाऊण असं करत आम्ही ती भरली. अर्ध्यापर्यंत काही नाही. पाया उत्तरेच्या अंगाला किंचित बसला, तो चालण्याजोगा होता. पाणी आठ मीटरच्या वर गेलं तेव्हा आमचे जुने वेल्डर आप्पा जिन्यावरून ओरडले. चौथ्या कड्याच्या उभ्या सांध्यातून घाम फुटल्यासारखे थेंब येत होते, वीतभर लांबीत.

आप्पांनी खिशातून खडू काढला आणि त्या वीतभर जागेभोवती गोल काढला. मला वर बोलावलं. तो सांधा १९८७ साली त्यांनीच घातलेला होता. "तेव्हा पाणी इथवर आलंच नव्हतं साहेब," ते म्हणाले, आणि खाली उतरून मोटार बंद करायला गेले. पाणी पाच मीटरवर आणलं, सांधा खरवडला, पुन्हा भरला, पुन्हा टाकी काठोकाठ केली. चोवीस तास मी तिच्यापासून हललो नाही. मग सोडलेलं पाणी पाट काढून गावाच्या शेतांकडे दिलं. नाना तोवर राहिले नव्हते. त्यांच्या मुलानं बारं धरलं.